निरोपसमारंभ हवाय की खासदारकी?

परत तेच. ऐंशी गाठलेला माणूस, गळ्यात उपरणं, दोन्ही दंडांना धरून स्टेजवर चढवलेला, आणि माईक हातात आला की पहिलं वाक्य, "ही माझी शेवटची निवडणूक." अहो, मग लढवताच कशाला? निरोपसमारंभ हवा असेल तर एखादा हॉल घ्या, शाल-श्रीफळ द्या, आम्ही टाळ्या वाजवायला येतो. त्यासाठी वीस लाखांवर मतदार असलेला आख्खा मतदारसंघ कशाला वेठीला धरायचा?

वय होणं हा गुन्हा नाही. डोकं फिरतं ते बेरजेवरून. पद पाच वर्षांचं असतं. अर्ज भरताना ८० असाल तर मुदत संपताना ८५. चौथीतलं पोर हे सांगेल, पण तिकीटवाटपाला बसलेल्यांना जमत नाही.

कायद्यात फक्त खालची मर्यादा आहे. लोकसभा-विधानसभेला २५, राज्यसभा-विधानपरिषदेला ३०, राष्ट्रपतिपदाला ३५. छाननीच्या दिवशी एक दिवस जरी कमी भरला तरी अर्ज बाद. वर मात्र आभाळ मोकळं. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६२ ला घरी जातो, सर्वोच्च न्यायालयाचा ६५ ला, मंत्रालयातला कारकून ५८ ला. आमदार-खासदाराला ही भानगडच नाही. अर्जासोबतचं नमुना २६ चं शपथपत्र काढून बघा. पॅन, पाच वर्षांचं उत्पन्न, बायकोच्या दागिन्यांचं वजन, जमीन, कर्ज, गुन्हे, शिक्षण, सगळं विचारलंय. तब्येतीचा एक रकाना नाही. इथे चाळिशी उलटलेल्या माणसाला स्कूटरचं लायसन रिन्यू करायचं तर डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-ए लागतो, आणि पंचावन्नच्या पुढे दर पाच वर्षांनी तेच लचांड. पेन्शनरांचं तर विचारूच नका. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला रांग, बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हणून मशीन ठसा घेत नाही, आजी बिचाऱ्या पदराला अंगठा पुसून पुन्हा पुन्हा दाबतायत. महिन्याच्या पेन्शनीसाठी एवढी खातरजमा, आणि देश चालवायला काही नको.

सगळ्यात कडी म्हणजे फॉर्म १२-डी. वयाची ८५ पूर्ण झालेल्या मतदाराला केंद्रापर्यंत यायचा त्रास नको म्हणून निवडणूक आयोग घरून मतदान करू देतो. अधिसूचनेनंतर पाच दिवसांत फॉर्म भरायचा, मग पथक घरी येतं, आडोसा उभा करतं, लिफाफा बंद होतो, व्हिडिओ निघतो. उत्तम सोय, काही तक्रार नाही. पण तोच ८५ चा माणूस त्याच मतदारसंघात उमेदवार म्हणून चालतो! मत द्यायला जिना उतरवत नाही म्हणून सरकार घरी येतं, आणि हे दिल्लीला जाऊन पुण्याचे प्रश्न मांडणार.

प्रचारात हे कसं झाकतात तेही ठरलेलं आहे. पदयात्रा सकाळी साडेसातची, पण उमेदवार उघड्या जीपमध्ये. चौक आला की उतरून पन्नास पावलं, तेवढ्यात फोटो आणि औक्षण, परत जीप. कसब्यातल्या लिफ्ट नसलेल्या वाड्यांमध्ये तिसऱ्या मजल्यावर पत्रक घेऊन जायला मुलगा, सून, पुतण्या. भाषण चार मिनिटांचं, बाकीचं "साहेबांचा घसा बसलाय" म्हणून दुसराच ओढतो. दुपारी बारा ते चार विश्रांती, तिला "बूथ आढावा बैठक" म्हणायचं.

निवडून आल्यावर तर सगळा कारभार पीएच्या हाती. आपण मत दिलं एकाला, नळजोडाचं, हॉस्पिटलच्या बिलाचं पत्र देतो दुसराच, आधीच सह्या करून ठेवलेल्या लेटरहेडवर. सभागृहात परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिलं तर जागा रिकामी जाहीर करता येते म्हणे. पण रजेचा अर्ज टाकला की रजा मिळते, आणि चार दिवसांहून जास्त सलग तहकुबी असेल तर ते दिवस धरतच नाहीत.

जागा मध्येच रिकामी झाली की काय होतं हे पुण्याला नव्याने सांगायला नको. २९ मार्च २०२३ ला पुण्याचे खासदार गिरीश बापट गेले. ते ७२ वर्षांचे होते, त्यांना यात बोल लावायचा नाहीच. बोल लावायचाय तो पुढच्या प्रकाराला. सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी असं कायदा म्हणतो. घेतली नाही. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, आणि पुण्याला लोकसभेत माणूस मिळाला तो थेट जून २०२४ ला. खासदार निधी वर्षाला पाच कोटी, पण कामं सुचवायला खासदारच नाही. हा धोका कोणत्याही वयाला आहे, मान्य. म्हणून तो मुद्दाम वाढवून घ्यायचा? पंजाबात माजी मुख्यमंत्री प्रकाशसिंग बादल २०२२ ला ९४ व्या वर्षी लांबी मतदारसंघातून विधानसभेला उभे राहिले, पडले, आणि एप्रिल २०२३ मध्ये गेले. जिंकले असते तर तेरा महिन्यांत जागा रिकामी आणि पुन्हा मतदान.

आता कोणीतरी म्हणणारच, मोरारजी देसाई ८१ व्या वर्षी पंतप्रधान झाले. झाले, आणि त्यांचं सरकार वयामुळे पडलं नाही, आपसातल्या भांडणाने पडलं, हेही खरं. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार, २०१४ ला ऐंशीच्या पुष्कळ पुढे असताना निवडून आले. त्यांच्याबद्दल वावगा शब्द निघणार नाही. पण २०१९ ला ते स्वतःहून थांबले. (तिकीट गेलं नातवाकडे, तो वेगळा विषय.) अमेरिकेत बायडेन ८१ व्या वर्षी दुसऱ्या खेपेला उभे होते, जुलै २०२४ मध्ये माघार घ्यायला लागली, तीही स्वतःच्याच पक्षाने पिच्छा पुरवल्यावर. आपल्याकडे पिच्छा कोण पुरवणार? इथे पायाच पडतात.

आणि खालचे लोक तसेच कुजतात. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, मतदान झालं जानेवारी २०२६ ला. जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, म्हणजे नवीन माणूस तयार व्हायची पहिली पायरीच काढून घेतलेली. वर साहेब जागा सोडत नाहीत. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण ते सांगणारा कागद, निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पडावा लागतो. अडीचपर्यंत तिकिटाची वाट बघणाऱ्या पोराला झुलवत ठेवायचं, मग फॉर्म साहेबांच्या नावाने, आणि पोराला "पुढच्या वेळी तूच". ते पोर आता त्रेपन्नचं आहे. गुडघ्याला पट्टा बांधून फिरतं, आणि चौकातल्या फ्लेक्सवर त्याच्या नावामागे अजून "युवा नेते" लिहितात.