‘कुठलाही ॲडब्लॉकर टाका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘यूट्यूबच्या जाहिरातींपासून कायमची सुटका!’ खाली पाच मुद्दे. ॲडब्लॉकर (ब्राउझरला जोडायचं, जाहिराती अडवणारं ‘एक्स्टेंशन’) सगळे सारखेच, कुठलाही घ्या. क्रोमच्या स्टोअरमध्ये आहे म्हणजे गुगलने तपासलेला, कोटी लोक वापरतात. परवानगी मागेल, बिनधास्त द्या. मोबाइलवरही चालतो. आणि यात कुणाचंच नुकसान नाही. कीर्तन ऐन रंगात आलेलं असताना मध्येच कर्ज देणाऱ्या ॲपची जाहिरात घुसली की वैताग येणारच. त्यामुळे ‘लॅपटॉपवर टाकून दे गं’ अशी मागणी लगेच आली. त्याच लॅपटॉपवर सासूबाई पेन्शनचं नेटबँकिंग उघडतात.

दुसरा मुद्दा आधी घेते, कारण सगळ्यात घातक तोच आहे. एप्रिल २०१८ मध्ये ॲडगार्ड कंपनीच्या आंद्रे मेश्कोव्हने क्रोमच्या स्टोअरमधली पाच घातक एक्स्टेंशन्स उघडी पाडली, त्यातले तीन बनावट ॲडब्लॉकर होते. वापरणारे मिळून २ कोटींच्या वर. त्यातल्या एकट्या ‘ॲडरिमूव्हर’चे १ कोटीहून जास्त. तुम्ही कुठल्या साइट उघडता याची माहिती तो बाहेर पाठवायचा आणि त्याला बाहेरून येणारे हुकूम एका साध्या दिसणाऱ्या चित्रात लपवलेले असायचे. ॲडगार्ड स्वतः याच धंद्यात आहे, हे खरं. पण हे प्रसिद्ध झाल्यावर गुगलने ती पाचही काढून टाकली. म्हणजे तोवर ती ‘गुगलने तपासलेली’च होती ना? कोटी लोक वापरतात हा सुरक्षिततेचा पुरावा कसा होतो, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

बरं, आज चांगलं असलेलं एक्स्टेंशन उद्याही चांगलंच राहील असंही नाही. ‘नॅनो ॲडब्लॉकर’ आणि ‘नॅनो डिफेंडर’ ही नावाजलेली एक्स्टेंशन्स होती. २०२० मध्ये ती मूळ निर्मात्याने दुसऱ्यांना विकली. नव्या मालकांचं अपडेट आपोआप आलं आणि लोकांच्या इन्स्टाग्राम खात्यांवरून परस्पर लाइक जाऊ लागले. वापरणाऱ्यांनी कुठेही चुकीचं बटण दाबलं नव्हतं.

‘सगळे सारखेच’ हेही खोटं. रेमंड हिल या प्रोग्रामरच्या ‘यूब्लॉक ओरिजिन’चा कोड कुणालाही वाचता येतो आणि तो देणग्याही घेत नाही. ‘ॲडब्लॉक प्लस’ काही जाहिराती ‘चालण्याजोग्या’ ठरवून आत सोडतो आणि मोठ्या कंपन्यांकडून त्याचे पैसे घेतो. क्रोमने नियम बदलल्यापासून तिथे यूब्लॉक ओरिजिनची फक्त ‘लाइट’ आवृत्ती मिळते. पूर्ण आवृत्ती फायरफॉक्सवर चालते. नुसतं ‘यूब्लॉक’ नावाचं एक्स्टेंशन वेगळं, हे नीट बघा.

परवानगीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. पानावरची जाहिरात काढायची तर पान वाचावंच लागतं, त्यामुळे चांगलं एक्स्टेंशनही बहुधा ‘सर्व साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी मागतं. पण त्या ‘सर्व’मध्ये बँकेचं पानही येतं. म्हणून तर ‘बिनधास्त द्या’ म्हणणाऱ्याचा राग येतो! कुणाच्या हातात किल्ली देतोय हे बघायचंच नाही?

मोबाइलचं म्हणाल तर अँड्रॉइडवरचा क्रोम एक्स्टेंशन घेत नाही, यूट्यूबचं ॲपही नाही. फायरफॉक्स घेतो. ‘कायमची सुटका’ तर कुठेच नाही. यूट्यूबच्या अटींत हे बसत नाही आणि २०२३ पासून ते ॲडब्लॉकर दिसला की व्हिडिओ अडवतात. नुकसानाचं विचाराल तर लांबीने मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या कमाईतला ५५ टक्के वाटा, चॅनेलची कमाई सुरू असेल तर, चॅनेलवाल्याला मिळतो. तुमच्या आवडत्या कीर्तनकारांचं चॅनेल असेल तर तो त्यांचा वाटा आहे.

सासूबाईंना फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन टाकून दिलाय. बँकेसाठी वेगळा ब्राउझर ठेवलाय, त्यात एकही एक्स्टेंशन नाही. मंडळातल्या कुणी मेसेज वाचून भलतंच काही टाकलं असेल, तर आधी ते काढून टाका आणि मग दुसऱ्या उपकरणावरून बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदला.