पहिला होकार, पाच पाकिटं आणि अर्धा किलो कुंदा

हस्तलिखित एकाच वेळी पाच प्रकाशकांकडे धाडलंत, इथवर तुमचं काही चुकलं नाही. दोन पुण्याला, एक मुंबईला, एक कोल्हापूरला आणि एक इथेच बेळगावात. फक्त कुणाला कधी काय पाठवलं याची नोंद ठेवू नका. वही वाण्याच्या उधारीला असते, साहित्याला नव्हे. सोबतच्या पत्रात 'हे अन्यत्रही पाठवले आहे' ही ओळ तर मुळीच घालू नका, पुढची निम्मी गंमत त्यावरच उभी आहे.

मग एका संध्याकाळी पुण्याहून फोन येतो, "आम्ही काढतो." लगेच म्हणा, "होय की, काढा!" आनंद झाला, कराराचा मसुदा पाठवा, दोन आठवड्यांत कळवतो, असलं बोलणं आपल्याला शोभत नाही. सीमाप्रश्नात आपण 1956 पासून वाट बघतोय, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या तारखा मोजतोय. पुस्तकासाठी आणखी पंधरा दिवस कोण थांबणार?

फोन ठेवला की कुंदा आणा, कमीत कमी अर्धा किलो. गल्लीत वाटा, वाचनालयात वाटा. जानेवारीत कडोलीचं साहित्य संमेलन आहेच, तिथल्या ओळखीच्यांना प्रकाशनाचा महिनाही सांगून टाका. सही व्हायच्या आधी गावभर झालं, की कलमांवर घासाघीस करायला तुमचं तोंडच उरत नाही. प्रकाशकाचे कष्ट वाचतात.

उरलेल्या चौघांचं काय? काहीच कळवू नका. कोल्हापूरवाल्यांनी परीक्षकाला मानधन देऊन वाचायला लावलं असेल तर लावू दे. पुस्तक दुकानात दिसलं की त्यांना समजेल. अंगात जरा जास्त धमक असेल तर मुंबईला फोन करून ठोकून द्या, "पुण्याचे पंधरा टक्के देतायत." मराठी प्रकाशक एकाच ग्रंथप्रदर्शनात शेजारशेजारच्या गाळ्यांत बसून एकाच किटलीतला चहा पितात, ही बाब मनावर घेऊ नका. "मग तिकडेच द्या की," असं उत्तर आलं तर तो त्यांचा उद्धटपणा.

काही भोळे लोक मात्र चौघांनाही दोन ओळी लिहितात: एका ठिकाणचा होकार आला आहे, 20 तारखेपर्यंत कळवाल का, नाही जमलं तर हस्तलिखित मागे घेतलं असं समजावं. ना प्रकाशकाचं नाव, ना टक्के. या सरळपणाचा तोटा असा, की गठ्ठ्यात तळाला गेलेलं हस्तलिखित वर येतं आणि एखाद्याचं खरोखरच उत्तर येतं. मग दोन करार शेजारी ठेवून वाचणं आलं. नसती पीडा.

आणि करारात वाचायचं तरी काय असतं! किंमत 250, प्रती 500, मानधन दहा टक्के. छापील किमतीवर असेल तर सगळ्या प्रती खपल्यावर 12,500 रुपये. तेच 'निव्वळ विक्रीवर' असेल आणि दुकानदाराला चाळीस टक्के सूट असेल, तर 7,500. दोन शब्दांनी पाच हजार जातात, पण आपण काय पैशासाठी लिहितो?

कागद मागूच नये हे उत्तम. 1957 चा कॉपीराइट कायदा उगाच सांगतो की हक्क द्यायचे तर लेखी, सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरायची. म्हणून काही मसुद्यांत 'कॉपीराइटची संपूर्ण मुदत, सर्व भाषा' असं असतं. संपूर्ण म्हणजे तुमच्या मागे साठ वर्षं. डोळे मिटून सही करा. उद्या टिळकवाडीतला तुमचा मित्र पुस्तक कन्नडमध्ये करतो म्हणाला, तर त्याने पुण्याला अर्ज करावा. चार घरं सोडून राहणाऱ्याला साडेतीनशे किलोमीटरवरून परवानगी, यात आपल्याला नवीन ते काय? पुस्तक किती महिन्यांत निघेल आणि नाही निघालं तर हक्क परत कधी येतील, हेही विचारू नका. 'लवकरच' या शब्दावर आपली श्रद्धा आहे.

होकारासोबत 'लेखकाचा सहभाग' आला तर अधिकच भाग्य. 200 प्रती सवलतीत, 150 रुपयांप्रमाणे, तुम्हीच उचलायच्या: तीस हजार. याला छपाईचं कोटेशन म्हणणारे मत्सरी असतात. त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, पैसे वेगळे लावले असतील तर तेही भरा. सरकारी संस्था तो क्रमांक फुकट देते म्हणून काय झालं?

बेळगावच्या त्या पाचव्या प्रकाशकाला पत्र लिहायचं तर कारणच नाही. तो बाजारात भेटतोच. खडेबाजारात समोरून येताना दिसला की पिशवी सावरत गणपत गल्लीत वळा.