यील्ड म्हणजे उत्पन्न ना, सर?

मराठीतून इंजिनिअरिंगचा विषय बापूनेच काढला. "२०२१ पासून परवानगी आहे. पुस्तकं मराठीत द्या, मिटलं!"

"तुझं सगळं चहा यायच्या आत मिटतं," मास्तर म्हणाला. तो स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, म्हणजे कुठलं साहित्य किती भार सोसतं, हा विषय शिकवतो.

दिन्या पुण्याहून आलेला. "बॉस, ॲप आहेत ना! मी रोज वीस शब्द पाठ करायचो. बेसिक्स क्लिअर पाहिजेत."

"लांब शब्दांवर पोरं अडत नाहीत रे. थर्मोडायनॅमिक्स आठवड्यात तोंडात बसतं. अडतात ती ओळखीच्या शब्दांवर. सोमवारी यील्ड पॉइंट शिकवत होतो. सोयाबीनवाल्या घरचा पोरगा म्हणाला, यील्ड म्हणजे उत्पन्न ना, सर? वर्ग हसला. त्याचं काय चुकलं? त्याने बियाण्याच्या पाकिटावर तेच वाचलेलं. त्याच्या हातात पेपरक्लिप दिली. जरा वाकव, सोड, सरळ होते. अजून वाकव, आता होत नाही. तार जिथं हार मानते, तो यील्ड. मग फळ्यावर लिहिलं, माइल्ड स्टील म्हणजे साधं पोलाद २५० मेगापास्कल स्ट्रेसला हार मानतं."

"म्हणूनच मराठी! स्ट्रेसला प्रतिबल म्हणा," बापू.

"प्रतिबल तरी त्याच्या घरात कोण बोलतं? भार भागिले क्षेत्रफळ, हे मराठीत कळू दे आणि स्ट्रेस हा शब्द त्याच तासाला दे. उद्या साइटवर आयएस ४५६, काँक्रीट बांधकामाचं मानक, त्याला कोण वाचून दाखवणार? परीक्षेत 'नेग्लेक्ट सेल्फ वेट' होतं, म्हणजे स्वतःचं वजन धरू नका. एका पोरीने तुळईचं वजन धरून अख्खं गणित सोडवलं. आकडेमोड चोख, मार्क गेले. तिला बीम येत होता रे, नेग्लेक्ट येत नव्हतं."

मला मास्तरचं शंभर टक्के पटलं. पहिल्या वर्षी 'रिस्पेक्टिव्हली'चा अर्थ विचारायला मी सहा महिने घाबरत होतो. कोणता आकडा कुणाचा, एवढंच तर सांगायचं होतं. तेव्हा असा मास्तर हवा होता.

"एका शब्दाला अख्खा तास? सिलॅबस कधी संपणार?" दिन्या.

"रोज वीस शब्द पाठ, मग एम-थ्री, गणिताचा तिसरा पेपर, तीनदा का दिलास?" मास्तर.

"तिसऱ्यांदा पेपर तपासणाराच यील्ड झाला!" बापू ओरडला. मास्तरच्या हातातला चहा सांडला.

टपरीवाल्या काकांनी वही पुढे केली. "दिनूशेठ, मागची उधारी?"

"काका, सेल्फ वेट आहे. नेग्लेक्ट करा."