शुगर-बीपीच्या गोळ्यांनी किडनी जाते का? चोपड्याच्या वाचकांना उत्तर

आप्पा, नमस्कार.

तुमचं म्हणणं असं : शुगर-बीपीनं नव्हे, त्यांच्या गोळ्यांनीच किडनी जाते, तुमच्या थोरल्या भावाचं तसंच झालं. तुमचं क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून बाहेर टाकते तो कचरा) १.१, म्हणजे नॉर्मल, म्हणून तुम्ही गोळ्या बंद केल्यात. आणि सिकलसेल हा नंदुरबारकडचा रक्ताचा आजार मी किडनीच्या लेखात उगाच घुसवला. भाऊ गमावलेल्या माणसाशी वाद घालायला जीभ रेटत नाही. पण गोळ्या बंद केल्याचं वाचून गप्पही बसवत नाही.

हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा जवळपास पाचवा हिस्सा मुठीएवढ्या दोन किडन्यांतून जातो. त्यामुळे वाढलेल्या साखरेचा आणि दाबाचा मार तिथल्या बारीक गाळण्यांना थेट बसतो. गाळणी सैल झाली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून निसटायला लागतं. तेव्हा ना पाय सुजतात, ना क्रिएटिनिन वाढतं. ते रेषेच्या वर जाईपर्यंत किडनीचं निम्मं काम गेलेलं असू शकतं. म्हणून नुसत्या १.१ वर विसंबू नका.

आता गोळ्यांचं. किडनी उतरत गेली की डॉक्टर मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीचा डोस कमी करतात, फारच उतरली की बंद करतात, कारण ती शरीराबाहेर टाकायचं काम किडनीचंच. घरच्यांना दिसतं ते इतकंच, की गोळी चालू होती आणि किडनी गेली. दोष गोळीच्या माथी बसतो. खरं तर टेल्मिसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्या लघवीतून जाणारं अल्ब्युमिन कमी करतात. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी आटलं तर त्या काही दिवस थांबवाव्या लागू शकतात, हे मान्य. पण डॉक्टरांना विचारून.

किडनीला खरा धोका असलेली गोळी वेगळीच आहे. यावल-रावेरला मे महिन्यात केळीचे घड वाहणारा मजूर बघा. दिवसभर घाम, पोटात पाणी कमी, आणि संध्याकाळी मेडिकलवरून कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक. त्यात शुगर किंवा बीपी असेल तर किडनीचे हाल विचारू नका. ती गोळी मात्र कुणी बंद करत नाही!

सिकलसेल उगाच घुसवला नाही, आप्पा. किडनीच्या आतल्या भागात ऑक्सिजन मुळातच कमी. तिथं तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि लघवी दाट करायची ताकद लहानपणीच जाते. असं पोर भर उन्हाळ्यातही भरपूर, फिक्कट लघवी करतं, अंथरूण ओलं करतं आणि आईची बोलणी खातं. मग अंगात पाणी कमी पडलं की पेशी आणखी वाकतात, हातपाय ठणकतात. यांचं क्रिएटिनिन तर बराच काळ कमीच दिसतं. हा आजार भिल्ल-पावरा समाजात जास्त दिसतो, आणि नंदुरबारचं धडगाव-अक्कलकुवाच कशाला, तुमच्या चोपड्याच्या पाड्यांवरही त्यांची वस्ती आहे.

तुम्ही उद्याच डॉक्टरांकडे जा. गोळ्या बंद आहेत हे लपवू नका, बीपी मोजून घ्या आणि लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो तपासायला सांगा. तो ३० च्या आत हवा. भावाचे जुने रिपोर्ट घरात असतील तर तेही न्या. सख्ख्या भावाची किडनी शुगरनं गेली असेल तर तुमचा धोका वाढतो, आणि डॉक्टरांना ते आधी कळलेलं बरं.