नोट्स पाठवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

आपल्या वर्गात एखादा अंध विद्यार्थी आला, तर प्राध्यापकांनी गोंधळून जाऊ नये. ‘काही अडचण आली तर हक्काने सांग’ असे सर्वांसमक्ष म्हणून त्याची पाठ थोपटावी आणि मग अडचणींची तजवीज करावी.

नोट्स कशा पाठवाव्यात, हे मी, असाच एक अंध विद्यार्थी, गेल्याच आठवड्यात अनुभवाने शिकलो. संगणकावर टंकलेल्या मजकुराची आधी छापील प्रत काढावी, तिच्या पानापानाचे मोबाइलवर फोटो घ्यावेत, त्यांची पीडीएफ करावी आणि ‘इम्पॉर्टंट’ असे लिहून ती व्हॉट्सॲप गटावर सोडावी. सातव्या पानावर सरांचा अंगठाही आला आहे, असे माझा मित्र सांगतो. अक्षरांचे असे चित्र झाले की पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला वाचायला काही उरत नाही. माझा मोबाइल 42 पानांवर 42 वेळा ‘इमेज’ एवढेच म्हणाला.

विद्यार्थ्याने मूळ फाइल मागितलीच, तर ‘ती डीटीपीवाल्याकडे आहे’ असे सांगून मोकळे व्हावे. मी सात रस्ता चौकातून रिक्षा करून नवी पेठेत गेलो आणि फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन आलो. ती युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण संकेताच्या, आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये निघाली. डोळसांना तेथे सुबक देवनागरी दिसते, स्क्रीन रीडरच्या हाती मात्र तिच्यामागची रोमन अक्षरे आणि चिन्हे लागतात, त्यामुळे ‘क’ आला की तो ‘एच डॉलर’ म्हणतो. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले. त्यांच्यावरचे प्रकरण माझ्या लॅपटॉपने पाऊण तास ‘एच डॉलर, एच डॉलर’ करत वदवले.

विद्यार्थी कर्णबधिर असेल, तर फळ्याकडे तोंड करून शिकवावे.

रॅम्प बांधून त्याचा फोटो काढावा आणि मग तेथे दुचाक्या लावाव्यात.

परीक्षेत उत्तरे लिहून देणारा लेखनिक घेणाऱ्याला तासाला 20 मिनिटे जादा वेळ मिळतो, ही बातमी पर्यवेक्षकाला पेपर सुरू झाल्यावर परीक्षार्थीकडूनच कळावी.

3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, गुलाबपुष्प अवश्य द्यावे. त्याला युनिकोड लागत नाही.

पण आता पुरे. दिव्यांग हक्कांचा कायदा 2016 चा आहे आणि सर्वसमावेशक शिक्षण ही त्यात संस्थेवर टाकलेली जबाबदारी आहे, सरांच्या मनाचा मोठेपणा नव्हे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, बँकांच्या ई-केवायसीच्या प्रकरणात का होईना, डिजिटल सुविधा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. मग तुम्हाला आणखी कशाची वाट पाहायची आहे? यात पैसाही लागत नाही; जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारी साधने फुकट मिळतात, माझा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडरही फुकटच आहे. श्रमांचे म्हणाल, तर टंकलेली फाइल तशीच पाठवायची सोडून ती छापण्याचे आणि तिचे 42 फोटो काढण्याचे जादा काम तुम्ही हौसेने केलेत, आणि वर मलाच ‘थोडे ॲडजस्ट कर’ म्हणालात. आठवड्याचा अभ्यास बुडाला तो माझा, रिक्षाचे भाडे गेले तेही माझे.

अंतर्गत परीक्षा सोमवारी आहे. सर, फाइल युनिकोडमध्ये करून आज रात्री पाठवा. त्यावर ‘इम्पॉर्टंट’ लिहिले नाही तरी चालेल.