‘काका, हेडफोन बदला’: शाकोनवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

शाकोनवरच्या माझ्या लेखाखाली ‘बरोकप्रेमी’ (बरोक म्हणजे बाखच्या काळचं युरोपीय संगीत) या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. खाली तिथेच चार ओळी खरडणार होतो, पण लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकतोय. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: जर्मन संगीतकार बाखच्या डी मायनर पार्टिटाच्या (नाचांच्या चालींवर बेतलेल्या रचनांच्या मालिकेच्या) शेवटी जी शाकोन येते, ती एकट्या व्हायोलिनची अडीचशेच्या वर बारांची (बार म्हणजे तालाचं एक घर) रचना, मी चौघांकडून ऐकली आणि तिच्यावर लिहिलं होतं. यास्चा हाइफेट्झ (१९५२), नेथन मिलस्टाइन (१९७३), हिलरी हान (१९९७) आणि रेचल पॉजर (नव्वदच्या दशकाची अखेर). मला मिलस्टाइन सर्वांत भावला, त्याखालोखाल हान. हाइफेट्झपुढे हात जोडले आणि पॉजरबद्दल थोडक्यात आटोपलं.

आता प्रतिक्रिया, जशीच्या तशी: ‘काका, शाकोन हा नाच आहे, शोकसभा नाही. ज्यांनी जन्मभर विलंबित ऐकलं त्यांना हे कळणं अवघडच. पॉजरला दोन ओळींत उडवलंत. तिच्या तारा, तिची पट्टी, कशाचाच उल्लेख नाही. मिलस्टाइन मेजरचा भाग साधा वाजवतो तेव्हा तो “निर्मळ”, पॉजर तसंच करते तेव्हा “कोरडं”. बाखच्या काळच्या गजाने चारही स्वर एकत्र वाजत, ते तुमच्या लाडक्यांना कुठे जमतंय? हेडफोन बदला.’

सर्वप्रथम, आपण वेळ काढून लेख वाचलात याबद्दल आभार. मतभेदांचं या ब्लॉगवर नेहमीच स्वागत असतं. पण ‘काका’ कशाला? आपली ओळख नाही, पाळख नाही. माझं वय आपल्याला ठाऊक नाही आणि आपलं मला. ही हाक आपुलकीची नाही, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. असो.

एक गोष्ट मान्य करतो. पॉजर खालच्या पट्टीत वाजवते. आजचा ए हा स्वर ४४० हर्ट्झचा धरला तर तिचा ४१५, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर खाली, आणि तारा आतड्याच्या. व्हायोलिन १७३९ सालचं, जेनोव्हाच्या पेसारिनियसने केलेलं. हे लेखात यायला हरकत नव्हती. घ्या, आता आलं.

आता ते वाक्य. ‘शाकोन हा नाच आहे, शोकसभा नाही.’

शोकसभा हा शब्द माझ्या लेखात कुठे आहे? मी दोनदा शोधला. बाखच्या पहिल्या बायकोचा, मारिया बार्बराचा, उल्लेखसुद्धा मी केलेला नाही. तो करायचा मोह कुणालाही होतो, कारण हस्तलिखितावर १७२० साल आहे आणि त्याच वर्षी जुलैत, बाख राजपुत्र लिओपोल्डबरोबर कार्ल्सबादला असताना, ती गेली. तो परतला तोवर दफनही उरकलं होतं. अभ्यासक हेल्गा टोएने यांनी त्यावरून शाकोन म्हणजे तिची समाधी असा सिद्धांत मांडला, २००१ मध्ये त्यावर एक गाजलेली रेकॉर्डही निघाली, आणि तेव्हापासून कार्यक्रमपत्रिकांमध्ये ही गोष्ट हमखास सापडते. मी ती मुद्दाम टाळली, कारण ती सिद्ध झालेली नाही. म्हणजे जे मी लिहिलंच नाही त्यावरून आपण मला टोमणा मारलात. हान संथ वाजवते आणि मला ती आवडली, एवढ्यावरून मी तिथे रडत बसलो असेन असा आपला तर्क दिसतो.

आणि नाच. शाकोन मुळात नाच होता हे मला कुणी सांगायला नको. सोळाव्या शतकाच्या शेवटी तो स्पेनमध्ये धुमाकूळ घालत होता, समुद्रापलीकडच्या वसाहतींतून आला असं तिथलेच लोक म्हणत, आणि सभ्य माणसं त्याचं नाव काढताना नाक मुरडत. मग तो इटलीत गेला, फ्रान्समध्ये गेला, संगीतकार लुलीच्या ऑपेरांत शेवटाला रंगमंचभर नाचला जाऊ लागला. पण याच पार्टिटात शाकोनच्या दोन घरं आधी साराबांद ही दुसऱ्या एका नाचाची चाल आहे. तिची कुळकथा काय वेगळी आहे? तीही स्पेनमधली, तीही इतकी उच्छृंखल की तिच्यावर बंदी आली होती. फ्रान्समधून फिरून येईपर्यंत ती इतकी गंभीर झाली की आज साराबांद म्हटलं की कुणी पाय हलवत नाही. तिला कुणी ‘नाच आहे, जलद वाजवा’ म्हणत नाही. मग शाकोनलाच हा नियम का?

बरं, स्वरलिपीच उघडून बघा. तीन मात्रांचा बार आहे, पण रचना पहिल्या मात्रेवर सुरूच होत नाही. पहिली कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) दुसऱ्या मात्रेवर पडते आणि तिथेच दीड मात्रा थांबते. पुढच्या बारात पुन्हा तसंच: पहिल्या मात्रेवर टेकायचं, दुसरीवर वजन टाकायचं, शेवटच्या अर्ध्या मात्रेत घाईने पुढच्या बारात शिरायचं. ही चाल साराबांदेची आहे. हान ते वजन तोलून टाकते, म्हणून तिच्याकडे रचना जवळजवळ अठरा मिनिटं चालते आणि तरी कोसळत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी ती सतरा वर्षांची होती, हे जाता जाता.

बाखने शाकोनवर लयीची सूचना एका शब्दानेही लिहिलेली नाही. नुसतं ‘च्याकोना’ एवढं नाव. त्यामुळे ‘बरोबर लय’ कुणाच्या खिशात आहे असं समजू नये. आणि आपल्या माहितीसाठी, या चौघांत सर्वांत पळणारा कोण? हाइफेट्झ. तेरा मिनिटांच्या आसपास खेळ खलास. सर्वांत वरची तार पोलादी, भरगच्च व्हायब्रेटो (स्वराची थरथर), आधुनिक गज, बरोक म्हणावं असं काहीही नाही, आणि तरी आपल्या ‘नाचा’च्या लयीत तोच सर्वांच्या पुढे. म्हणजे आपला निकष लावला तर बरोकप्रेमींनी हाइफेट्झच्या पाया पडायला हवं.

आता विलंबित. हे मला खरंच लागलं, लपवत नाही.

मी सा म्हणायच्या आधी स्टाफ नोटेशन शिकलो. पुण्यात कॅम्पात एका गोवेकर सरांकडे आठवड्यातून दोनदा जायचो. सरांचं शिक्षण त्यांच्या गावच्या चर्चच्या शाळेत झालेलं, जिथे कित्येक पिढ्या पोरांना सोल्फा (स्वरवाचन) आणि व्हायोलिन हे पाढ्यांइतकंच सक्तीचं होतं. ते दुसऱ्या मात्रेवर टेबलावर पट्टी आपटायचे. शाकोन त्यांनी मला शिकवली नाही, ‘हात तयार नाही’ म्हणून थेट नकार दिला. पण नंतर मी घरी स्वतःच्या हट्टाने अर्पेज्जोच्या, म्हणजे कॉर्डचे स्वर एकामागून एक सुटे वाजवायच्या, भागापर्यंत पोचलो होतो. तिथे बाखने नुसत्या कॉर्ड लिहून ठेवल्यात आणि ‘अर्पेज्जो’ एवढा शब्द. कसं मोडायचं, तारांवरून गज कुठल्या क्रमाने फिरवायचा, ते वाजवणाऱ्याने ठरवायचं. ज्याने ते पान स्टँडवर ठेवून घाम गाळलाय त्याला मिलस्टाइन तिथे काय करतो ते ऐकू येतं: आवाज हळूहळू वाढत जातो, पण गजाची दिशा बदललेली कळत नाही, आणि खालचा स्वर प्रत्येक वेळी किंचित आधी येतो म्हणून बेस वेगळ्या वाद्यावर चालल्यासारखा वाटतो. आपण तो भाग हातात घेऊन पाहिलाय का? प्रतिक्रियेवरून तरी तसं दिसत नाही.

माझ्या वडिलांनी १९५२ साली मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिनला ऐकलं होतं. मेनुहिनने तिशीच्या दशकात बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहाही रचना (ही पार्टिटा त्यांतलीच एक) पहिल्यांदा संपूर्ण रेकॉर्ड केल्या, हे जगजाहीर आहे. वडिलांना त्या संध्याकाळी काय काय वाजलं ते नीट आठवत नसे, पण आमच्या घरात बाख हे नाव तेव्हापासूनचं. तेव्हा कुणी मला या संगीतातला आगंतुक ठरवू नये.

विलंबित मी नंतर ऐकायला लागलो, आणि भरपूर ऐकलं. डी. के. दातारांना समोर बसून ऐकलंय, तेव्हा व्हायोलिनने गाणं म्हणजे काय ते कळलं. पण विलंबित ऐकणाऱ्याला लय कळत नाही हा कुठला न्याय? विलंबित एकतालाच्या एकेका मात्रेत चार-चार घरं मनात धरून, गवयी कुठेही भटकत असताना सम कुठे येणार हे पायाच्या अंगठ्यात ठेवून बसावं लागतं. शाकोनमध्ये दुसरं काय आहे? चार बारांचा घेर, दर वेळी ‘डी’वर परत यायचं, आणि मधल्या वाटेत बाख बेसची उतरंड कधी लपवतो, कधी तिच्यात कोमल-तीव्र मिसळतो, कधी नुसती सुचवतो. ज्याला आवर्तन मनात धरायची सवय आहे त्याला तो लपलेला बेस जास्त ऐकू येईल की कमी? तेव्हा विलंबित हा माझा अडथळा नाही. आपल्यासारख्या केवळ वेग मोजणाऱ्यांना तो घेर ऐकू येतो का, हा प्रश्न मात्र मला पडलाय.

इतक्या जोरात लिहायचं नव्हतं, पण सुरुवात माझी नाही.

राहिलेल्या मुद्द्यांवर थोडक्यात. चारही स्वर एकत्र वाजवणाऱ्या गजाबद्दल आपण जे लिहिलंय ते सपशेल चूक आहे. बाखच्या काळचा गज बाहेरच्या बाजूला जरासा बाकदार असे, इतका नव्हे की व्हायोलिनच्या गोलसर घोडीवरून चारही तारांना एकाच वेळी टेकेल. धनुष्यासारखा गोल ‘बाख गज’ हे विसाव्या शतकाचं खूळ. अल्बर्ट श्वाइट्झरसारख्या मोठ्या माणसाने त्याची तरफदारी केली आणि एमिल टेलमानीने १९५४ मध्ये तसल्या गजाने रेकॉर्डिंगही केलं. ऐका ते. हार्मोनियमवर भाता धरून ठेवल्यासारखं वाटतं. आपली पॉजरसुद्धा तसला गज वापरत नाही, ती कॉर्ड फोडूनच वाजवते. बरोकप्रेमी म्हणवणाऱ्याने निदान एवढं तरी तपासावं.

मिलस्टाइन ‘निर्मळ’ आणि पॉजर ‘कोरडी’ यावर म्हणायचं तर मेजरच्या भागात (शाकोनचा मधला भाग, जो मायनर सोडून मेजर स्वरांत जातो), जिथे एकच स्वर तीन-तीनदा ठोकत दूरवरच्या नौबतीसारखा येतो, तिथे मिलस्टाइन कमी करतो आणि ते पुरेसं वाटतं. पॉजर कमी करते तेव्हा मला कमी वाटतं. हा रुचीचा प्रश्न आहे, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

हेडफोन चांगले आहेत.

आणखी एका वाचकाने विचारलंय की हेन्रिक शेरिंग आणि आर्थर ग्रुमियो कुठे गेले. तो प्रश्न सभ्यपणे विचारल्यामुळे उत्तर देतो: दुसऱ्या भागात येतील. शेरिंगची १९६७ची रेकॉर्ड मी पुन्हा ऐकतोय, ग्रुमियोची साठच्या सुरुवातीची आहे, आणि दोघांच्या कॉर्ड फोडण्यातच एक अख्खा लेख होईल. सिगिस्वाल्ड काउकेनही त्यात असेल आणि पॉजरला जास्त जागा मिळेल. हे आधीच ठरलेलं होतं, बरोकप्रेमींनी त्याचं श्रेय घेऊ नये. पुढची प्रतिक्रिया ‘काका’ वगळून आली तर प्रकाशित करेन.