गप्प असलेल्यांना ग्रुपमधून काढू नका

आपल्या बेळगाव भागातल्या वाचकांच्या फेसबुक ग्रुपमध्ये गेल्या आठवड्यापासून एकच विषय चालू आहे. वर्षभर ज्यांची एक पोस्ट नाही, साधा लाईकसुद्धा नाही, अशांना काढून टाकायचं. दुसरी मागणी अशी, की प्रोफाइलचं नाव बदलणाऱ्यांनाही बाहेरचा रस्ता दाखवायचा, कारण कोण कोण आहे तेच कळेनासं झालंय. ग्रुप सांभाळणाऱ्यांपैकी मी एक, म्हणून माझं मत सविस्तर लिहिते. पहिल्या मागणीला माझा ठाम विरोध आहे. दुसरीमागचं दुखणं खरं आहे, पण सुचवलेला इलाज मला पटत नाही.

आधी हे निष्क्रिय सभासद म्हणजे कोण, ते बघूया. आपल्या भागात गल्लीगणिक कुणी ना कुणी फौजेत आहे. जम्मू-काश्मीरला पोस्टिंग झालं की इकडचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही. ९० दिवस वापर नाही आणि सिमवर पैसेही नाहीत, तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि काही महिन्यांनी तोच नंबर भलत्याच माणसाकडे जातो. व्हॉट्सॲपही १२० दिवस वापरात नसलेलं खातं सहसा काढूनच टाकतं. म्हणजे पोरगा तिकडं ड्युटीवर असताना इकडं त्याचा नंबर गेला, व्हॉट्सॲप गेलं. सुट्टीवर आल्यावर त्याला ओळखीचं असं फेसबुकचं खातं तेवढं राहतं. आणि त्यालाच आपण सांगायचं, की तू वर्षभर काही लिहिलं नाहीस, म्हणून तुला काढलं?

खानापूर तालुक्यातल्या आडरानातल्या वाड्यांवर पावसाळ्यात लाईट गेली की फोन नुसता खिशात असतो. आणि रेंज असलेल्या गावांतही नट्टीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मोबाईल बघायला कुणाला सवड असते? सुगी संपेपर्यंत बरेच सभासद दिसतच नाहीत, मग हिवाळ्यात एकदम कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांच्या पोस्टींवर त्यांची गर्दी होते.

परवा पिठाच्या गिरणीत एक बाई भेटल्या. डबा खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्ही ती आजीच्या जात्यावरची कविता टाकलेली न्हवं, ती मी वहीत उतरून काढली बघा." मी म्हटलं, मग खाली दोन शब्द लिहायचे की ओ. तर म्हणाल्या, "मी काय लिहू ओ तिथं? लेकाच्या फोनवर वाचते, तो कामावरनं आला की." घरी येऊन त्यांच्या लेकाचं खातं यादीत शोधलं. फोटो नाही, एक कमेंट नाही. उद्या 'साफसफाई' झाली तर पहिल्या फटक्यात जाणार ते हे खातं, आणि त्याच्याबरोबर या बाईंची वही थांबणार. हा वाचक काढून आपण काय मिळवणार, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आपण गणपतीच्या वर्गणीच्या यादीत पुण्याला गेलेल्याचंही नाव ठेवतोच की. गेल्या वर्षी तो आला नाही म्हणून खोडतो का?

मात्र एका बाबतीत मी कडक आहे. सभासद गप्प असला तर काही बिघडत नाही, पण ॲडमिन गप्प असला तर बिघडतं. ज्याच्याकडे पोस्ट काढायचे, माणसं घ्यायचे-काढायचे अधिकार आहेत आणि जो स्वतः फिरकत नाही, त्याचं खातं कुणी चोरलं तर कळणारसुद्धा नाही. जुना पासवर्ड, जुना फोन नंबर, सगळं उघडं पडलेलं. चोराला एवढंच पुरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा मदतीच्या आवाहनांच्या पोस्टी कशा धडाधड फिरत होत्या ते आठवा. बँकेचं खातं, फोन नंबर, पैसे पाठवा. त्या घाईत आपण फक्त नाव बघतो आणि विश्वास ठेवतो. असं आवाहन आपल्याच ॲडमिनच्या चोरलेल्या खात्यावरून आलं तर?

विकिपीडियावर यासाठी चांगली रीत आहे. तिथं सभासदाचं खातं निष्क्रिय म्हणून पुसत नाहीत, कारण त्यानं लिहिलेलं त्याच्या नावावर राहिलं पाहिजे. पण प्रचालक, म्हणजे तिथला ॲडमिन, दोन वर्षं फिरकलाच नाही तर त्याला आधी विचारतात, उत्तर आलं नाही तर प्रचालकाचे अधिकार काढून घेतात. माणूस आत राहतो, किल्ल्या परत घेतल्या जातात. आपणही एवढंच करावं. दोन वर्षं फार होतात, आपल्याला सहा महिने पुरेत.

आता नावाचा प्रश्न. फेसबुकवर नाव बदललं की जुन्या सगळ्या कमेंटींवरही नवंच नाव दिसतं. आपल्याच ग्रुपमध्ये येळ्ळूरच्या इतिहासावरची ती लांबलचक चर्चा उघडून बघा. खाली सगळे लिहितायत, "पाटील सर, तुमचा मुद्दा बरोबर आहे," आणि वर पाटील सर कुठंच नाहीत. तिथं 'राजे' नावाचं कुणीतरी आहे, फोटोत वाघ. नवीन वाचणाऱ्याला वाटणार, हे सगळे बोलतायत तरी कुणाशी? चांगली चर्चा वाया गेल्यासारखी होते. ही तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे.

पण नाव बदलणाऱ्यांची कारणंही ऐका. लग्न होऊन चंदगडला, गोव्याला गेलेल्या मुली आडनाव बदलतात, काहीजणी काही वर्षांनी माहेरचं परत लावतात, आणि त्याचं कारण विचारायचा हक्क आपल्याला नाही. खातं अडकलं आणि फेसबुकनं ओळखपत्र मागितलं, तर आपल्या आधार कार्डावर नाव कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, प्रोफाइलवर मात्र देवनागरीत. ते जुळवायच्या कटकटीला कंटाळून कितीतरी जणांनी देवनागरी नाव काढून इंग्रजी लावलं, याचं मला फार वाईट वाटतं. आणि काही पोरं बेंगळूरला नोकरीला लागली. सीमाप्रश्नावर कॉलेजात असताना जे तावातावानं लिहिलं, ते साहेबानं नाव टाकून शोधू नये एवढीच त्यांची इच्छा आहे. एक नोव्हेंबरला, सीमाभागाच्या काळ्या दिनी, काळ्या फिती लावून फेरीत चालणाऱ्या पोरांना आपण याबद्दल नावं ठेवायची? मी ठेवणार नाही.

म्हणून नाव खुशाल बदलावं, फक्त ग्रुपला एका ओळीत सांगावं. ज्यांना सगळ्यांसमोर सांगायची अडचण आहे त्यांनी आम्हा ॲडमिनपैकी एकाला सांगावं, ते आमच्यापाशीच राहील. तसंही एकदा बदललं की फेसबुक ६० दिवस पुन्हा बदलू देत नाही, त्यामुळे रोज कुणी हा त्रास देणार नाही. पण शिवीगाळ केल्यामुळे काढलेला माणूस नवं नाव लावून परत आला, किंवा ग्रुपमध्ये पैसे मागणाऱ्यानं नाव लपवलं, तर तिथं दयामाया नाही.

राहिले ते आपले गेलेले सभासद. कोरोनात गेलेल्यांची खाती अजून यादीत आहेत. घरच्यांनी कळवलं तर फेसबुक ते खातं स्मृतीखातं करतं, मग त्यात कुणाला लॉगिन करता येत नाही, लिहिलेलं मात्र जागेवर राहतं. घरच्यांना अर्ज भरायला मदत लागली तर मी येईन. पण 'निष्क्रिय' म्हणून त्यांची नावं खोडायला माझा हात उठणार नाही, आणि दुसऱ्या कुणी खोडलेलंही मी चालवून घेणार नाही.

रविवारी संध्याकाळी आम्ही ॲडमिन बसणार आहोत. ॲडमिनला सहा महिन्यांची अट आणि नाव बदलल्याची एक ओळ, हे दोनच ठराव मी मांडणार आहे. विरोध असेल तर खाली कारणासहित लिहा. आणि ज्यांनी गेल्या वर्षभरात नाव बदललंय त्यांनी जमलं तर याच पोस्टखाली जुनं नाव टाका. पाटील सर, तुमच्यापासून सुरुवात होऊ दे.